बोलायचं अ‍ॅप निवडताना: मिरजेतल्या एका मोबाइलवाल्या बापाकडून

मिरजेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि घरात बारा वर्षांची ऑटिस्टिक मुलगी आहे. ती तोंडानं मोजकं बोलते, बाकीचं टॅबवर बोलते: चित्राचं बटण दाबते आणि टॅब तो शब्द मोठ्यानं म्हणतो. त्यामुळे डिस्प्ले बदलायला आलेले आईबाप काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारतात, "तुमची पोरगी वापरते ते अ‍ॅप आमच्या फोनमध्ये टाकून द्या की." टाकायला दोन मिनिटं पुरतात. पण त्या आधी अर्धा तास बसून जे बोलावं लागतं, ते इथं लिहितो. थेरपिस्ट मंडळी याला 'एएसी' म्हणतात, म्हणजे तोंडाच्या बोलण्याला जोड किंवा पर्याय. आपण साधं बोलायचं अ‍ॅप म्हणू.

आधी दोन शंका, कारण त्या मिटल्याशिवाय कुणी पुढचं ऐकत नाही. पहिली शंका आजीआजोबांची: टॅबवर बोलायची सवय लागली की पोर तोंडानं बोलायचं थांबेल. या प्रश्नावर तोवर झालेल्या अभ्यासांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलं होतं. फार वाढलं असं नाही, थोडंफार. तेव्हा टॅबमुळे वाचा फुटेल म्हणूनही घेऊ नका आणि वाचा बसेल म्हणून टाळूही नका. दुसरी शंका शाळेतून येते: आधी एका जागी बसू दे, डोळ्यांत बघू दे, चित्रं ओळखू दे, मग अ‍ॅपचं बघू. असल्या कुठल्याच पायऱ्या आधी चढाव्या लागत नाहीत. तान्ह्या पोराला शब्द कळतो का हे तपासून आपण त्याच्याशी बोलायला लागतो का?

अ‍ॅपच्या आधी माणूस बघा

प्ले स्टोअर उघडण्यापूर्वी एक आठवडा वही घेऊन बसा. तुमचं माणूस आत्ता कसं बोलतं ते लिहा. हात धरून फ्रिजपाशी नेतं? नको असेल तर तोंड फिरवतं की ताट ढकलतं? एखादं जाहिरातीचं वाक्य सारखं म्हणतं, आणि ते नेमकं कधी म्हणतं? एसटीवरच्या पाट्या वाचतं का? हा शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. तोंडानं शब्द न काढणारी काही मुलं दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचतात, पण आपण ऐकायला तोंडाकडे बघत बसतो म्हणून कळत नाही. वाचणाऱ्या माणसाला चित्रांबरोबर कीबोर्डही पहिल्या दिवसापासून द्या.

बोटं बघा. एका बोटानं नेमकं दाबतं की अख्खा पंजा ठेवतं? दाबून बोट उचलायला वेळ लागतो का? चांगल्या अ‍ॅपमध्ये बटण किती वेळ दाबल्यावर बोलावं, एकदाच बोलावं की पुन्हापुन्हा, हे ठरवता येतं. ही सेटिंग नसेल तर पंजा ठेवणाऱ्या पोराच्या हातात ते अ‍ॅप म्हणजे नुसता गोंगाट.

मोठ्या माणसांचं वेगळं असतं. माझ्याकडे येणारा एक तरुण एरवी व्यवस्थित बोलतो, नोकरी करतो, पण गर्दीत किंवा कुणी अंगावर ओरडलं की त्याची वाचाच बंद होते. त्याला फळांच्या चित्रांचं अ‍ॅप देणं म्हणजे अपमान. त्याच्या फोनवर लिहिलेलं वाचून दाखवणारं साधं अ‍ॅप आहे आणि त्यात काही वाक्यं आधीच ठेवली आहेत. पहिलं वाक्य: "मला आत्ता बोलता येत नाहीये, पण ऐकू येतंय. जरा थांबा." त्याचं काम भागतं.

किती चित्रं आहेत ते मोजू नका

अ‍ॅप दाखवणारा माणूस हटकून फळं दाखवतो. मग प्राणी, मग रंग, मग वाहनं. हजारो चित्रं आहेत म्हणून सांगतो. पण दिवसभरात आपण 'सफरचंद' कितीदा म्हणतो? आपण म्हणतो नको, अजून, थांब, चल, दे, बघ, हे, तिकडे, कुठे, झालं, मला, तू. असल्या काहीशे शब्दांत माणसाचं रोजचं बहुतेक बोलणं होऊन जातं. थेरपिस्ट त्यांना कोअर शब्द म्हणतात. हे शब्द पहिल्या पानावर असावेत आणि पान बदललं तरी हाताशी राहावेत. ज्यातून फक्त वस्तू मागता येतात ते बोलायचं अ‍ॅप नव्हे, हॉटेलातलं मेनूकार्ड आहे.

मी गिऱ्हाइकाला एक परीक्षा घ्यायला सांगतो. अ‍ॅप उघडा आणि ही वाक्यं त्यातून काढून दाखवा:

नको.
मला तिकडे नाही जायचं.
पोटात दुखतंय.
आजी कधी येणार?
हे माझं आहे, दादाचं नाही.
तू खोटं बोलतोस.

शब्द मागेपुढे झाले तरी चालेल, अर्थ कळला पाहिजे. शेवटच्या वाक्यावर लोक हसतात. पण ज्याला भांडता येत नाही त्याला तक्रारही करता येत नाही, आणि आमच्या पोरांना तक्रार करता येणं फार गरजेचं आहे. म्हणून शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं अ‍ॅपमध्ये हवीत, लाजायचे अवयवही. कुणी कुठं हात लावला हे सांगता आलं पाहिजे. रेडीमेड पानांत हे शब्द नसतील तर स्वतः घाला. काहीही जोडू न देणारं अ‍ॅप फुकट असलं तरी घेऊ नका.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे बटणांची जागा. आपण टाइप करताना अक्षरं शोधत नाही, बोटांना जागा पाठ असते. पोरांचंही तसंच होतं. 'अजून' आज उजव्या कोपऱ्यात आणि उद्या मधोमध, असं झालं की शिकलेलं वाया जातं. जास्त वापरलेला शब्द आपोआप वर आणणारी अ‍ॅपं हुशार वाटतात, पण या कामाला वाईट. याच कारणासाठी पहिल्या दिवशी चार मोठी बटणं आणि पुढं हळूहळू वाढवू, असं करू नका. डोळ्याला दिसतील आणि बोटाला झेपतील तेवढी जास्तीत जास्त बटणं आधीच ठेवा आणि नको ती झाका. बटण झाकायची सोय बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते. नंतर एकेक उघडत गेलं की जुनी बटणं हलत नाहीत.

मराठीत चालतं म्हणजे किती चालतं

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण यादीत 'मराठी' लिहिलंय एवढ्यावर लोक पैसे भरून मोकळे होतात.

बरीच अ‍ॅपं इंग्रजीत बनतात आणि मग त्यांच्या बटणांचं भाषांतर होतं. त्यामुळे 'नो'च्या जागी एकच बटण असतं आणि ते 'नाही' म्हणतं. भात वाढू का, तर 'नाही'? घरात कोण असं बोलतं? 'नको' आणि 'नाही' ही दोन वेगळी बटणं लागतात, आणि नसतील तर 'नको' तुम्ही जोडा, तेही पहिल्या पानावर. तसंच 'मी', 'मला' आणि 'माझं'. इंग्रजीतल्या एका 'आय'वर 'मी' चिकटवलेला असतो आणि पोर मग 'मी पाहिजे पाणी' म्हणतं. पोराची काही चूक नसते, अ‍ॅपनं त्याला 'मला' दिलेलाच नसतो.

क्रियापदांची गंमत आणखी पुढं आहे. बटणावर 'जाणे', 'खाणे', 'झोपणे' असे शब्दकोशातले शब्द असतात. काही ठिकाणी 'जातो', 'खातो' असतं, मग माझी मुलगी "मी जातो" म्हणते आणि शेजारचे हसतात. यावर सोपा तोडगा आहे. बटणाची नावं बदलून 'जायचं', 'खायचं', 'झोपायचं', 'खेळायचं' करा. 'मला जायचं' हे मुलगा म्हणाला काय नि मुलगी म्हणाली काय, सारखंच राहतं. पुढं 'नाही' जोडलं की नकार, 'कधी' जोडलं की प्रश्न. जातो-जाते, गेला-गेली हे नंतर बघू.

आणि घरातली भाषा घाला. आमच्याकडे भाकरी असते, पोळी नव्हे चपाती असते, संध्याकाळी भडंग असतो. पुस्तकातल्या 'न्याहारी'चा आमच्या घराशी काही संबंध नाही. आत्या, मावशी, मामा, काकू या सगळ्यांना 'आंटी' करून टाकलेलं अ‍ॅप असेल तर प्रत्येकाचा फोटो काढून नाव लिहा. माणसं आणि जागा यांना खरे फोटो, आणि 'अजून', 'थांब', 'आवडतं' अशा कल्पनांना चित्रं, असा माझा हिशोब आहे. मिरजेसारख्या ठिकाणी आणखी एक प्रश्न येतो. माझी सासुरवाडी अथणीची, तिकडं सगळं कानडीत. दोन भाषांनी पोर गोंधळेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, घरातली भाषा काढून घेण्यासारखा दुसरा गोंधळ नाही. दोन्ही भाषांत बटणांच्या जागा सारख्या राहतात का, एवढं बघा.

आवाजाचं आता पूर्वीइतकं अवघड नाही. अँड्रॉइडवर गूगलच्या स्पीच सर्व्हिसेसमध्ये मराठी आवाज आहे. सेटिंग उघडून वरच्या शोधायच्या चौकटीत 'टेक्स्ट टू स्पीच' टाका. काही कंपन्यांच्या हँडसेटमध्ये त्यांचं स्वतःचं इंजिन लावलेलं असतं, ते बदलून गूगलचं करा आणि मराठीचा आवाज डाउनलोड करून ठेवा. मग फोन विमान मोडवर टाकून अ‍ॅप बोलतं का बघा. नेट गेल्यावर मुका होणारा टॅब नको. माणसांची नावं आणि गावांची नावं मशीन वेडीवाकडी उच्चारतं. तिथं आवाज रेकॉर्ड करायची सोय वापरा, आणि मुलीच्या तोंडी बापाचा घोगरा आवाज न घालता तिच्याच वयाच्या मामेबहिणीला बसवा.

कुठली अ‍ॅपं बघायची

जेलो हे आयआयटी मुंबईत तयार झालेलं, फुकट, मराठी असलेलं अ‍ॅप. चित्रं आपल्याकडची आहेत. कडेला आवडतं, हो, अजून आणि आवडत नाही, नाही, कमी अशी भावना सांगणारी सहा बटणं असतात. चित्र निवडून भावनेचं बटण दाबलं की ते तयार वाक्य बोलतं. सुरुवातीला याचा फायदा मोठा, कारण एक-दोन टिचक्यांत पूर्ण वाक्य निघतं आणि घरच्यांचाही विश्वास बसतो. मर्यादाही तीच: वाक्य अ‍ॅपनं बनवलेलं असतं. शब्दाला शब्द जोडून स्वतःचं काहीतरी म्हणायची वेळ आली की अडायला होतं. ज्यांच्याकडे पैसे नाहीत किंवा जे अजून बिचकतायत, त्यांना मी आजच संध्याकाळी हे टाकून घ्या म्हणतो.

अवाझ चेन्नईचं, अजित नारायणन यांनी सुरू केलेलं. पैसे लागतात, पण आधी वापरून बघता येतं. यात शब्द जोडून वाक्य होतं, कोअर शब्द नीट मांडलेले आहेत, आणि सगळी पानं छापून पुस्तक करता येतं. हा छापायचा भाग मला फार आवडतो, का ते पुढं सांगतो. भारतीय भाषांची सोय आहे. मराठी तुमच्या टॅबवर, तुमच्या आवाजात कशी चालते ते पैसे भरायच्या आधीच त्या सहा वाक्यांनी तपासा.

सीबोर्ड फुकट आणि मुक्तस्रोत आहे, ब्राउझरमध्येही उघडतं, स्वतःची पानं बनवायला सुटसुटीत. ज्यांना सगळं स्वतःच्या हातानं लावायला आवडतं त्यांच्यासाठी ठीक. चित्रं हवी असतील तर स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारचा अरासाक नावाचा संग्रह आहे, घरगुती वापराला फुकट.

परदेशातले नातेवाईक प्रोलोको-टू-गो सुचवतात. २००९ पासूनचं, नेदरलँड्समधल्या कंपनीचं, नावाजलेलं अ‍ॅप आहे. फक्त अ‍ॅपलवर चालतं, एकदम साधारण २५० डॉलर मोजावे लागतात, आणि मराठी नाही. पुण्या-मुंबईत इंग्रजीच बोलणारं घर असेल किंवा तुम्ही न्यू जर्सीत राहत असाल तर जरूर बघा. आमच्या गल्लीत ते विकत घेणं म्हणजे भाकरी मागायला पोराला इंग्रजी शिकवणं.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. दुसऱ्या माणसानं हात किंवा कोपर धरायचा, किंवा अक्षरांचा बोर्ड समोर धरून हलवायचा, आणि मूल लांबलचक वाक्यं टाइप करतंय म्हणायचं, असले प्रकार विकणारे भेटतात. ते शब्द मुलाचे नसतात. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये या दोन्ही पद्धती वापरू नका म्हणून स्पष्ट सांगितलं आहे. तज्ज्ञ गाठायचाच तर त्याची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था वाचा आणि श्रवणाचंच काम करते. थेरपीसकट उपचारांच्या खर्चाला केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, एकूण १ लाखापर्यंतची, ऑटिझम तिच्यात येतो.

टॅब घेताना

हा माझा धंदा, म्हणून थोडक्यात आवरतो. नाहीतर रात्र होईल.

सगळ्यात स्वस्त टॅब घेऊ नका. रॅम कमी असली की बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो, पोर पुन्हा दाबतं, मग 'नको नको' दोनदा येतं आणि घरचे म्हणतात हिला कळतच नाही. दुकानातच अ‍ॅप टाकून भराभर दाबून बघा. जुना घेत असाल तर त्याच टॅबवर प्ले स्टोअर उघडून अ‍ॅप उतरतं का पाहा, अँड्रॉइड जुनं असेल तर उतरत नाही. मागचं झाकण फुगलेलं वाटलं तर बॅटरी गेली, हात लावू नका. आठ इंची टॅब गळ्यात अडकवून फिरता येतो, दहा इंची टेबलावरच राहतो. चालणाऱ्या-पळणाऱ्या पोराला आठ इंची. जाड रबरी, मूठ असलेलं कव्हर घ्या. टेम्पर्ड ग्लास नीट बसवा, कडेला हवा राहिली की नेमकी कोपऱ्यातली बटणं मरतात.

स्पीकरचा आवाज मिरज स्टँडवर उभं राहून तपासा, शोरूममध्ये नाही. कमी पडला तर पट्ट्याचा छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडता येतो.

बोट घसरून शेजारचं बटण दाबलं जात असेल तर बटणांच्या मापाची भोकं असलेली अ‍ॅक्रिलिकची जाळी वर बसवतात. बाहेरून मागवायला महाग पडते. स्क्रीनशॉट खऱ्या मापात छापून नेमप्लेट बनवणाऱ्याकडे घेऊन जा, लेझर कटिंगवर काम होतं.

आणि यूट्यूबचा टॅब वेगळा. शक्य नसेल तर आयपॅडवर गाइडेड अ‍ॅक्सेस आणि अँड्रॉइडवर अ‍ॅप पिनिंग लावा, म्हणजे बोलता बोलता कार्टूनकडे जाता येत नाही.

घरी आणल्यावर

पहिले काही महिने टॅब घरच्यांनी वापरायचा असतो. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. तुम्ही बोलताना एक-दोन शब्द टॅबवर दाबायचे: "चल, जेवायला जायचं" म्हणताना 'जायचं' दाबा. "झालं का?" म्हणताना 'झालं' दाबा. पोरानं दाबलंच पाहिजे असा आग्रह नाही. पाहुणे आले की "सफरचंद कुठाय दाखव बघू" सुरू होतं, ते बंद करा. कोणी आपल्याला चहा पिताना 'चहा म्हणून दाखव' म्हणालं तर आपण कप ठेवून उठून जाऊ. प्रश्न विचारलात तर मनातल्या मनात दहा मोजेपर्यंत गप्प बसा. उत्तर बऱ्याचदा आठव्या-नवव्या आकड्याला येतं.

एकच बटण वीसदा दाबलं तर चिडू नका, नवीन आवाज सापडल्यावर तान्हं पोरही तेच करतं. आणि आवाज बंद करायचा नाही, शिक्षा म्हणून टॅब काढून घ्यायचा नाही. वर्गात शिक्षक "फार बडबड करतेय" म्हणून टॅब कपाटात ठेवतात. दुसऱ्या मुलांच्या तोंडाला चिकटपट्टी लावता का, एवढंच विचारायचं.

महिन्या-दोन महिन्यांत काही दिसलं नाही म्हणून अ‍ॅप बदलू नका. बदलायची कारणं वेगळी असतात: बोटाला बटणं झेपत नाहीत, लिहायला-वाचायला लागलंय आणि कीबोर्ड अपुरा पडतो, किंवा त्या सहा वाक्यांतली तीन अजून निघत नाहीत. 'शेजारच्याकडे दुसरं आहे' हे कारण नव्हे.

पहिलं पान छापून, लॅमिनेट करून घरात दोन-तीन ठिकाणी लावा. न्हाणीघरात, रंगपंचमीला, कृष्णेवर, लोडशेडिंगमध्ये टॅब चालत नाही, पण बोलायचं तर असतंच. शाळेच्या दप्तरात एक कागद कायम ठेवा.

अ‍ॅपचा बॅकअप दर वेळी नवीन शब्द घातल्यावर घ्या आणि तो टॅबमध्ये न ठेवता ड्राइव्हवर किंवा तुमच्या फोनवर ठेवा. टॅब दुरुस्तीला टाकाल तेव्हा कव्हरवर चिठ्ठी चिकटवा: "हा खेळायचा टॅब नाही, विचारल्याशिवाय रीसेट मारू नये." आमच्या धंद्यात काहीही अडलं की पोरं आधी रीसेट मारतात.